माझा येतोय का?

"माझा येतोय का?"

लालासाबनं तिसऱ्यांदा विचारलं. ओरडून. ट्रॉलीवरून ऋतुराजनं डावा अंगठा दाखवला. उजवा हात कीबोर्डवरच होता.

"येतोय की चाचा! आवाज नुसता फाडतोय!"

उचगावातली वरात. दुपारचे साडेचार, डोक्यावर ऊन. सगळ्यांत पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं स्पीकरची ट्रॉली, मग नाचणारे, मग फुलं लावलेली नवरदेवाची गाडी. लालासाब नाचणाऱ्यांत. गळ्यात गिटार. गिटारातून निघालेली काळी वायर थेट ट्रॉलीवरच्या मिक्सरपर्यंत. ट्रॉली चालली की चालायचं. थांबली की थांबायचं. कुणी वायरीवर पाय दिला की

"ए पावणं! पाय!"

तीस वर्षं त्यानं वर ट्रॉलीवर बसून बेंजो वाजवला होता. समोर बेंजो आडवा, डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. मागच्या आठवड्यात बेंजो पार्टीचा मालक अमरसिंह म्हणाला, "लालासाबभाई, बसलेल्या माणसाकडं आता कोण बघत न्हाय. गिटार घालून लोकांत उतरा. शनिवारची वरात बघू. जमलं तर पुढचा सगळा सीझन तुमचा. न्हाय जमलं तर…"

त्यानं कीबोर्डकडं बघितलं होतं.

आज शनिवार.

वायर ढिली आहे. बरं आहे.

पार्टीची गिटार चार किलोची. लालासाबच्या दुखऱ्या खांद्यानं ती पहिल्याच तालमीत खाली ठेवायला लावली. म्हणून ही. स्वतःची. दुकानातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत हलकी. मेव्हण्याच्या मटणाच्या दुकानात काट्यावर ठेवली. दोन किलो चारशे.

"हाडासकट?" मेव्हण्यानं विचारलं होतं.

घोळका डावीकडं सरकला. लालासाबही सरकला. गिटारच्या मानेवर त्यानं पांढरी चिकटपट्टी लावली होती, पट्टीवर पेनानं आकडे. बेंजोच्या बटणांवर असायचे तसे. एक ते चौदा. सगळं गाणं एकाच तारेवर, वरून खाली, खालून वर. ऋतुराज सकाळीच हसला होता. "चाचा, बाकीच्या पाच तारा दुकानात परत देऊन या. नव्याच हायत."

आठ. आठ. दहा. सात. घामानं सातचा आकडा पुसट झालाय. सात कुठं गेला? हा. सात.

"माझा येतोय का?"

"येतोय, येतोय!" या वेळी अमरसिंहच बोलला. मिक्सरवर वाकलेला. वर न बघता.

ट्रॉली थांबली. रस्त्यावर आडवी लोंबणारी केबल आली होती. एकानं बांबू घेऊन ती वर उचलली. स्पीकर खालून जायचे होते. तेवढ्यात नाचणाऱ्यांनी लालासाबभोवती गोल धरला. एक जण गुडघ्यावर बसून त्याच्यासमोर मान झटकू लागला. दोघांनी मोबाइल वर धरले.

ट्रॅक्टरनं झटका दिला. ट्रॉली निघाली.

"सोडा, पावणं. वायर हाय. सरका."

कुणी सरकलं नाही. जमिनीवरली वायर उचलली गेली. गुडघ्याला आली. कमरेला. ताठ झाली.

"अरं, थांबवा की ट्रॅक्टर!"

टक्.

गिटारातून वायर निसटली आणि रस्त्यावरून सरपटत ट्रॉलीमागं निघून गेली. लालासाबचे हात जागच्या जागी थांबले. आता सगळं बंद पडणार. आता लोक वळून बघणार. आता अमरसिंह

बंद पडलं नाही.

आठ. आठ. दहा. सात. गाणं चालू होतं. गिटारही चालू होती, मोठी, स्वच्छ, एकही सूर न घसरता. सातसुद्धा बरोबर.

त्यानं वर बघितलं. कीबोर्डवर ऋतुराजची उजव्या हाताची बोटं. आठ, आठ, दहा, सात. ऋतुराजनंही त्याच्याकडं बघितलं, मग मान खाली घातली. बोटं थांबली नाहीत.

अमरसिंह ट्रॉलीच्या कडेला आला. त्यानं लोंबणारी वायर बघितली, लालासाबला बघितलं. चिडला नाही. दोन्ही हातांनी हवेत गिटार वाजवून दाखवली.

"हात चालू ठेवा, लालासाबभाई! लोक व्हिडिओ काढाय लागलेत! लई भारी दिसतंय!"

लालासाबनं हात चालू ठेवले.

पाच पावलं. दहा. गुडघ्यावरचा माणूस उठून त्याच्या गळ्यात पडला. "चाचा, एक नंबर!" आठ. आठ. तारेचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानालाही येत नव्हता.

ज्या दिवशी गिटार घरी आणली, त्या दिवशी वाजवायला घरात स्पीकर नव्हता. बायको, लालबी, ऐकायला समोर बसली होती. "मुकी आणलीसा की," ती म्हणाली. मग त्यानं लाकडाला जबडा टेकवून वाजवलं होतं, आणि सगळं दाढांतून आत आलं होतं. लालबीलाही टेकवायला लावलं. ती दचकून मागं सरली. "या अल्ला! हिच्या पोटात हाय व्हय सगळं!"

तो चालता चालता थांबला. मागची फुलांची गाडी हॉर्न देऊ लागली.

दोन किलो चारशे. दुखऱ्या खांद्यानंही ती वर गेली. लालासाबनं गिटारच्या कडेला जबडा टेकवला, डोळे मिटले. बोटं आठवर गेली. मग आठ सोडून, चिकटपट्टी सोडून, शेजारच्या तारेवर, जिथं आजवर एकदाही गेली नव्हती.

समोर मोबाइल वाढले. दोनाचे सात झाले.

ट्रॉलीवर एक गाणं चालू होतं.

जबड्यात दुसरं.