पाठमोरी

कड्याच्या माथ्यापासून वीस फूट खाली तो दोराला लटकला होता, आणि काही झालं तरी पायाखाली बघायचं नाही असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पायाखाली नव्वद फूट नुसती हवा होती. तळहातांना घाम सुटला होता. खालून त्याची बायको चढत होती. ती अजून दिसत नव्हती, कारण मधे कातळाचा फुगवटा आला होता. तो ओलांडला की तिचा चेहरा थेट कॅमेऱ्यासमोर येणार होता. घरातला बल्ब बदलायलाही शिडीवर न चढणारा हा माणूस त्या एका फोटोसाठी जीव मुठीत धरून तिथे आला होता.

नऊ वर्षं तो तिच्या चढाईचे फोटो काढत होता, आणि नऊ वर्षं खालूनच. पोटासाठी स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायचे आणि रविवारी बायकोला कड्यावर टिपायचं, असं त्याचं छान चाललं होतं. स्टुडिओच्या भिंती तिनेच भरल्या होत्या. ताणलेली पोटरी, हात घसरू नये म्हणून लावलेल्या पांढऱ्या पुडीने माखलेली बोटं, वेणी, पाठ. "माझी पाठ गावभर प्रसिद्ध आहे," ती म्हणायची, "तोंड तेवढं दूधवाला ओळखतो." तो हसायचा, आणि तिच्या टाचेखालची कपार नीट आली आहे का ते बघायला पुन्हा कॉम्प्युटरकडे वळायचा. जेवतानाही फोटो समोर असायचे. ती गणिताची शिक्षिका. शाळेतलं काही सांगायला लागली की तो बरोबर जागा बघून 'हं' म्हणायचा. मागे तिने वेणी कापून टाकली, तेव्हा त्याला ते आठव्या दिवशी कळलं, तेही फोटोत.

दोन वर्षांपूर्वी ती वरून निसटली होती. पंधरा फूट खाली आल्यावर दोराने झेललं. तिचा खांदा तीन महिने दुखत होता. त्याला एका मासिकाचं मुखपृष्ठ मिळालं, कारण नेमका तोच क्षण त्याने पकडला होता. ते मुखपृष्ठ त्याने काचेत बसवून जेवणाच्या टेबलासमोर लावलं. चौथ्या महिन्यात ती पुन्हा कड्यावर गेली. बाई खरी हिमतीची, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

मग यंदा फोटोंच्या स्पर्धेत परीक्षकांनी एका ओळीत त्याचा निकाल लावला. फोटोत कसब आहे, माणूस नाही. ही ओळ त्याला फार लागली. तिचा दोर सांभाळायला नेहमी दातांचे एक डॉक्टर असायचे, तिचे जुने सोबती. त्याने त्यांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. तुम्ही निदान चेहऱ्यापर्यंत तरी या." पुढचे सहा रविवार त्यांनीच त्याला शिकवलं. आपला दोर माथ्याला वेगळा बांधायचा. चढणाऱ्याच्या वाटेपासून बाजूला, थोडं वर लटकायचं. हातापायांच्या नादी लागायचं नाही, डोळ्यांवर नेम धरायचा. अवघड जागा येण्याच्या एक पाऊल आधीच बोट तयार ठेवायचं.

फुगवट्याच्या कडेवर आधी तिची बोटं आली. मग कपाळ. मग सगळा चेहरा, इतका जवळ की भुवयांवर उडालेली पांढरी पूडसुद्धा दिसत होती. त्याने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. उजेड हवा तसा होता, ढगाआडून आलेला, मऊ. असा फोटो आपण उभ्या जन्मात काढला नाही, हे त्याला पहिल्या दोन-तीन फोटोंतच समजलं. ती रडते आहे, हे समजायला अकरा फोटो जावे लागले.

तिचे ओठ पांढरे पडले होते आणि हलत होते. त्याने कान दिला. ती सतराचा पाढा म्हणत होती. त्याने कॅमेरा सोडून दिला, तो छातीवर आपटला. अकरा फोटो होईपर्यंत त्याला काहीच दिसलं नव्हतं.

"घाबरलीस?"

तिने मान हलवली. हो.

"आज काय झालं?"

"आज नाही. पडले तेव्हापासून. दर वेळी." तिला धाप लागली होती. "खालून दिसत नाही ते."

दोन वर्षांतले सगळे रविवार त्याच्यासमोर उभे राहिले. आदल्या संध्याकाळी ती जेवायची नाही. चढायला पोट हलकं बरं, म्हणायची, आणि त्याला ते पटायचं. गाडीत ती गप्प असायची, आणि हा समजायचा की मन एकाग्र करते आहे. त्याने हात पुढे केला. मधे दोन हातांचं अंतर होतं. बोटं पोचली नाहीत.

"अगं, मग चढायचीस कशाला? कोणी जबरदस्ती केली होती का तुला?"

खालून डॉक्टरांनी दोर जरासा ताणून धरला, वर सगळं ठीक आहे ना असं विचारल्यासारखा. तिने कपाळ कातळाला टेकवलं. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण चिडली नव्हती. वर्गात एखादं सोपं उत्तर सांगावं तशी ती म्हणाली,

"चढताना तरी तू माझ्याकडे बघायचास."