समोरून बघ

नवऱ्याने शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेलं छोटं विमान तिन्हीसांजेला मैदानात ढकलत आणलं आणि तिला बाळासकट पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. उतरताना लावायचा दिवा निवडायचा होता. एका पंखावर एक, दुसऱ्यावर दुसरा.

"डावा बरा की उजवा?" त्याने फोनवर विचारलं.

"तुझा डावा की माझा?"

"माझा गं!"

एकाचा उजेड पसरट होता, दुसऱ्याचा डोळ्यांत घुसत होता. ती पुरती गोंधळली. "अरे, जमीन तुला दिसायला हवी ना? मग मला कशाला समोर उभं केलंस? तूच बघ की आत बसून!"

"मला दोन्हींत नीट दिसते."

"मग लाव कुठलाही. नाहीतरी उडायला मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हणालीस तरी मी उडालो की तू गच्चीत येऊन उभी राहणारच," तो म्हणाला. "मी परत येतोय, हे तुला तिथून कोणत्या दिव्याने लवकर कळेल, तेवढं सांग."

तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पुन्हा इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"दोन्ही राहू देत," ती शेवटी म्हणाली. "एकच असला आणि तोच बंद पडला, तर मी काय समजायचं?"