एका टेबलाभोवती

खुर्ची पुढे केली तरी त्रान्सितो बसली नाही. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून ती उभी राहिली. बसलं की कमरेतून पायात कळ उतरते, हे तिने या खोलीतल्या प्रत्येकाला निदान एकदा सांगितलं होतं.

"बसा हो मावशी, लाजताय काय!" इस्पितळाचे संचालक एगास म्हणाले, आणि बिस्किटांची ताटली तिच्याकडे सरकवून भिंतीवरच्या पडद्याकडे वळले. पाठदुखीच्या रुग्णांना यापुढे दारोदार हिंडावं लागणार नव्हतं. सगळे डॉक्टर महिन्यातून एकदा एकत्र बसणार होते. कायाम्बेच्या गुलाबमळ्यांत वाकून वाकून पाठी कामातून गेलेल्या बायका काही थोड्या नव्हत्या. आजच्या पहिल्या बैठकीसाठी त्यांतून त्रान्सितोला निवडलं होतं.

"मणक्यातली गादी सरकलीय," शल्यविशारद बाका म्हणाले. "ऑपरेशनची घाई नाही. मार्चमध्ये बघू."

"माझ्याकडे आल्या तेव्हा मांड्यांना मुंग्या येत होत्या," वेदनातज्ज्ञ बाई म्हणाल्या. "मी गोळी वाढवली. आता मुंग्या नाहीत. हो ना मावशी?"

"काहीच नाही, डॉक्टरीणबाई." त्रान्सितोने आवाज खाली आणला. "बसायची जागासुद्धा बधिर झालीय."

"बघा! फरक पडला की नाही?"

मूत्ररोगाचे डॉक्टर फोनवरून मान न उचलता म्हणाले, "सोमवारी माझ्याकडे येऊन गेल्या. लघवी अडकते म्हणे. या वयात बायकांचं असं होतंच. औषध दिलंय."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या फिजिओथेरपिस्ट यादिराने झटकन मान वर केली. त्रान्सितोचा पाय लुळा पडतोय, एवढंच तिला ठाऊक होतं. ते तिने बाकांच्या कानावर दोनदा घातलंही होतं. बाकीचं ती आत्ता ऐकत होती.

"थांबा," ती म्हणाली. "पाय, बसायची जागा, लघवी. हे तीन आजार नाहीत. खालच्या सगळ्या नसा दाबल्या गेल्यात. आजच्या आज..."

"यादिरा, तुमचं शेवटी ऐकू ना," एगास म्हणाले. "आधी डॉक्टरांचं होऊ दे."

वेदनातज्ज्ञ बाईंनी एकदम पाय आत ओढले आणि नाकाला हात लावला. सगळ्यांनी खाली पाहिलं. फरशीवरून ओघळ टेबलाखाली चालला होता. सगळे कुठे बघताहेत ते पाहून त्रान्सितोने सर्वांत शेवटी मान खाली घातली.

"अगंबाई! कुणाचं पाणी सांडलं?"

मग तिला आपला ओला घागरा दिसला.

"अहो, कुणीतरी फडकं आणा!" एगास दाराकडे तोंड करून ओरडले.

"आणा इकडे, मी पुसते," म्हणत त्रान्सितो वाकू लागली. यादिराने धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी धरलं.

"डॉक्टर बाका, थिएटर तयार करायला सांगा. आज या नसा मोकळ्या झाल्या नाहीत, तर ही बाई जन्मभर अशी राहील."

बाका उठले. ते पेशंटकडेच येताहेत असं क्षणभर यादिराला वाटलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, खुर्चीवर पाय ठेवला आणि बुटाचं ओलं टोक पुसायला घेतलं.