पिशवीची गाठ

मनिषा सोनोग्राफीच्या टेबलावर चढायलाच तयार नव्हती. दाराशी पदर चावत उभी होती. पोरगी होती तेवीस वर्षांची, दोन लेकरांची आई. पाळीत तिचं पोट दुखायचं, ऊसतोडीला खाडे पडायचे आणि मुकादमाचं तोंड सुटायचं. "सुनेची पिशवी काढून आण, मगच गाडीत बस," असं त्यानं सासूला बजावलं होतं. जणू पिशवी त्याच्या बापाची!

सासूला, सरस्वतीबाईला, ते पटलं होतं. तिची गर्भपिशवी याच डॉक्टरांनी काढली होती, याच खोलीत तपासून. "गाठ आहे, कॅन्सर होईल," म्हणाले होते. तेव्हा तिनं तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर कंबर गेली, हाडं बोलू लागली, मोळी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती कंबर आता मनिषाच शेकून द्यायची, म्हणून तर तिचे पाय टेबलाकडे वळत नव्हते. पण सरस्वतीबाई म्हणायची, जीव तर वाचला! नारायणगडावर गेली की डॉक्टरांच्या नावानंही एक नारळ फोडायची, बिचारी.

"भेतीस कावून?" ती सुनेला म्हणाली. "सुई बी न्हाई, काय बी न्हाई. बघ, मी झोपून दावते." आणि चपला काढून स्वतःच टेबलावर आडवी झाली.

तेवढ्यात डॉक्टर आले. कानाला फोन होता. टेबलावरच्या बाईचं लुगडं त्यांनी जरासं सरकवलं, पोटावर गार मलम लावलं, यंत्र फिरवलं. तपासायचंय ते सुनेला, हे सरस्वतीबाईला सांगायचं होतं, पण साहेब बोलत असताना मधे तोंड कसं घालायचं? ती तशीच पडून राहिली.

"पिशवीला मोठी गाठ आहे," डॉक्टर फोन न ठेवताच म्हणाले. "काढली नाही तर कॅन्सर होईल. उद्याच भरती व्हा."

मनिषाचा हात तोंडावर गेला. सरस्वतीबाई सावकाश उठून बसली. पदरानं तिनं पोट पुसलं. पुसतच राहिली.

"सायेब, माझी पिशवी तुमीच काढलेली हाय."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. तिनं सुनेचा हात घट्ट धरला होता, पण डोळे डॉक्टरांवरून हलत नव्हते.

"तवा बी असंच बघितलं व्हतं का?"