राहिलेलं मैदान

पासपोर्टची शोधाशोध तिसऱ्या दिवशी धान्याच्या कोठीपर्यंत पोचली, तरी दिपाली गप्पच राहिली. गुंजनला मांडीवर घेऊन ती मऊ भात भरवत होती आणि सासूबाई, शकुंतलाबाई, एकेक डबा उपडा करत होत्या.

"विमान परवाचं. अन् हा माणूस पहा, खुर्चीत बसून आहे," त्या म्हणाल्या.

प्रभाकरराव खरंच खुर्चीत बसून होते. देवळीतला हा कापसाचा व्यापारी पंचविशीत नागपूरला गोल्फ शिकला आणि त्या खेळापायी अर्धं जग फिरला. केनिया, जपान, न्यूझीलंड. वर्षाला एक मैदान. बाजारात लोक त्यांची गंमत करत. "गोटी गड्ड्यात टाकाले इतक्या दूर कायले जाता, भाऊ? आपल्या शाळेमागं गड्डे काय कमी हायेत?" तेही हसत. खेळ जिथे जन्मला ते स्कॉटलंड मात्र त्यांनी सत्तरीसाठी राखून ठेवलं होतं. ती सत्तरी या जूनमध्ये, २००३ साली, आली होती.

पासपोर्ट दिपालीने रविवारी उचलला होता. सासऱ्यांच्या टेबलाचा ड्रॉवर ओढला, कागदांखाली निळं पुस्तक हाताला लागलं, ते न उघडताच टॉवेलात गुंडाळून गुंजनच्या झबल्यांच्या पेटीत तळाशी घातलं. दोन मिनिटांचं काम. दीड वर्षाच्या गुंजनला धाप लागायची. गेल्या हिवाळ्यात दोनदा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. दोन्ही वेळा सासऱ्यांनीच गाडी काढली. पुढे ते आणि कामवाली रुख्माबाई, मागे पोरीला उराशी धरून दिपाली, अशी वरात वर्ध्याच्या दवाखान्यात पोचली. नवरा, धीरज, नोकरीपायी भिलाईला. तीन आठवडे सासरे नाहीत, गाडी दारात उभी आणि चालवणारं कोणी नाही, हेच सारखं तिच्या डोळ्यांपुढे होतं.

सोमवारी प्रभाकररावांनी ड्रॉवर उघडला तेव्हा ती दारातच होती. ते बराच वेळ आत पाहत राहिले. मग वळून तिच्याकडे पाहिलं आणि ड्रॉवर हळूच लावला.

संशय रद्दीवर गेला. त्याच आठवड्यात रुख्माबाईने रद्दीवाल्याला गठ्ठे दिले होते.

"तूच देलं असशील," सासूबाई म्हणाल्या. "वीस वर्षं झाले घरात, एकडाव विचाराव नाई का?"

रुख्माबाईने पदराला हात पुसले. "गेलं असंन बाई माह्याच हातानं."

खरं काय ते दिपालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गुंजन खोकली आणि ते आतल्या आत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून रुख्माबाई आली नाही. अल्लीपूरला लेकाकडे गेली म्हणे. नागपूरच्या पुंडलिकरावांना प्रभाकररावांनी फोन केला. पुंडलिकराव त्यांचे खेळातले जोडीदार. "नाई जमत यार. पासपोर्ट रद्दीत गेला. तुम्ही जाऊन या." आवाज अगदी साधा होता.

त्या तीन आठवड्यांत गुंजनला एकदाही धाप लागली नाही.

पुढे प्रभाकररावांनी काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकून दिली. गाडी चालवणंही सोडलं, बबनराव म्हणून ड्रायव्हर ठेवला. ड्रायव्हर तर तेव्हाही ठेवता आला असता, हे दिपालीला तेव्हा सुचलं नव्हतं. ते चहा अर्धाच कप मागू लागले, तोही पार निवल्यावर घ्यायचे. "नवीन पासपोर्ट काढा ना," सासूबाई म्हणत. "आता कायले," एवढंच उत्तर. दिपाली सगळं पाहायची. एका माणसाचं उरलेलं आयुष्य आपण झबल्यांखाली दडपून ठेवलंय, असं तिला वाटायचं, आणि ती पेटी उघडायचं धाडस व्हायचं नाही. लहान झालेली झबलीसुद्धा तिने कोणाला दिली नाहीत.

दोन वर्षांनी एका सकाळी गुंजनला बालवाडीत सोडून तिने टॉवेलाची गुंडाळी तशीच पिशवीत घातली आणि अल्लीपूरची बस धरली. सासऱ्यांपुढे उभं राहायचंच होतं. पण ठपका जिच्या माथी आला, तिला आधी सांगायला हवं होतं.

रुख्माबाई ओसरीत तूर निवडत होती. तिने पाणी दिलं. "गुंजी कशी हाय?"

"बरी आहे. रुख्माबाई, तो पासपोर्ट रद्दीत गेलाच नव्हता. मी लपवला होता." दिपालीने टॉवेल सोडून पुस्तक पुढे धरलं. "तुम्ही माझ्यामुळे बोलणी खाल्ली."

रुख्माबाईने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मग ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच दुसरं निळं पुस्तक होतं.

दिपालीने ते उघडलं. ब्रिटनचा व्हिसा, करकरीत, न वापरलेला. मग तिने स्वतः आणलेलं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. मुदत कधीच संपलेली आणि पानावर रद्द केल्याचा शिक्का.

"बाबूजीनं शोधाशोधीच्या आधीच, शनिवारी आणून देलतं," रुख्माबाई म्हणाली. "म्हणे, तुह्यापाशी ठेव, अन् कोणी विचारलं तं रद्दीत गेलं म्हण. मी म्हटलं. पण बाईशी खोटं बोलून रोज त्याच घरचे भांडे घासाले मन होईना, म्हणून आली निघून."

"पण का?"

"हात कापतात त्याईचे. त्या हिवाळ्यापासून. काठी धरवत नाई, दोस्ताईसमोर कसं उभं राहाव? मले म्हणे, सूनबाईले कळू देऊ नको, ते माह्याच भरोशावर हाय." रुख्माबाईने सूप बाजूला सरकवलं. "दुसऱ्या खेपेले वर्ध्याले गेलतो, तवा तुम्ही मागं पोरीच्या तोंडाकडं पाहून राह्यल्या होत्या, ताई. पुढं पाय बाबूजीचे होते, पण स्टेअरिंग माह्या हातात होतं."