चिमीचा अंगठा

मागच्या खेपेला "पोरीला सर्दी झालीय" म्हणून अनाथाश्रमातल्या आयाबाईंनी चिमीचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. आज पुन्हा तेच सांगितलं. चिमीचं नाक मात्र ठणठणीत कोरडं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आयाबाई, एवढ्याला काय घाबरायचं? अंगठ्याची शीर बुडाशी अडकलीय. बारीक छेद देऊन मोकळी केली, की वाकडा अंगठा सरळ. मग खुशाल जगाला अंगठा दाखवू दे!"

"थांबलं तर आपोआप नाही व्हायचा?"

"वर्षभर थांबलोच की. आता नाही व्हायचा."

आयाबाईंनी चिमीला पोटाशी ओढलं. "तिला दत्तक घेणारे म्हणालेत, अंगठा बरा झाला की घेऊन जातो."

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "मग... पुढची तारीख देऊ?"

चिमी आयाबाईंचं बोट धरू बघत होती आणि ते सारखं निसटत होतं. आयाबाईंनी तिचा वाकडा अंगठा हलकेच कुरवाळला.

"नको, आजच करा. नव्या आईचं बोट तिला घट्ट धरता आलं पाहिजे. सुटलं तर पोर माझ्याकडेच पळत येईल, आणि मग मी काही तिला सोडायची नाही."