तेजाबी आड

"निळा कागद लाल झाला तर पाणी आंबट. नाही झाला, तर नाही," पंचशीला बादलीवर वाकून म्हणाली.

आडाभोवती अख्खं गाव जमलं होतं. पुढं सरपंच वीरण्णा, शेजारी लातूरहून आलेले साहेब. जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस दोन वर्षं नव्हता. जळकोटकडच्या या गावात बौद्ध वस्तीचा आड तेवढा आटला नव्हता.

पण त्याच्या पाण्यात तेजाब आहे, पोटात आग पडते, असं गाव कैक वर्षं म्हणायचं. शाळेत बाकीची पोरं वस्तीतल्या लेकरांना 'तेजाबी' म्हणून चिडवायची, लांब सरकून बसायची. पंचशीला त्याच शाळेत शिकवायची. लग्न होऊन वस्तीत आल्यापासून ती हेच पाणी पीत होती.

सासू कोंडाबाई आदल्या संध्याकाळी तिला म्हणाली होती, "म्हनू दे की लोकान्ला. आपल्या अंगाला काय भोकं पडायलेत?"

"आत्याबाई, लेकरं मान खाली घालून बसायलेत वर्गात."

"नको दाखवू, बाई. माझं ऐक."

म्हातारीला ऐकून घ्यायची सवयच लागलीय, असं पंचशीलाला वाटलं. तिला सासूची कीव आली.

आता आडावर सगळ्यांसमोर तिनं आधी चिंचेच्या पाण्यात निळी पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. लोक पुढं सरकले. मग दुसरी पट्टी आडाच्या पाण्यात बुडवून तिनं वर धरली.

निळीच्या निळी.

साहेबांनी पट्टी हातात घेऊन पाहिली. वीरण्णांनी ओंजळ पुढं केली, पाणी प्यायलं.

"गोड हाय की वो!"

वस्तीतल्या लेकरांनी टाळ्या वाजवल्या. पंचशीलाचे डोळे भरून आले. कोंडाबाई मात्र कधीच घराकडं निघून गेली होती.

दुसऱ्या सकाळी आडावर इंजिन बसलं. पाइप गावाकडं गेला. गावाला येणारा टँकर बंद झाला.

"आधी गाव भरू द्या," आडावरचा माणूस वस्तीतल्या बायांना म्हणाला. "घागरी तिकडं ठिवा, लांब."

दिवस कलेपर्यंत बाया उन्हात बसून राहिल्या. मग इंजिन गाळ ओढायला लागलं.

पंचशीला रिकामी घागर घेऊन सासूजवळ टेकली. "आत्याबाई, हे असं करतील, मला काय ठाऊक?"

"तुला कसं ठावं असंल?" कोंडाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बहात्तर साली आपला पहिला आड असाच नेला त्यांनी. म्हून ह्यो खांदला तवा आम्ही बायांनीच गावभर सांगितलं, पानी तेजाबी हाय म्हून."